तारा निघतील, पण डाग?

“एकदाच्या पोरीच्या दातांना तारा बसवल्या, आता दोन वर्षं चिंता नाही!” असं म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, नाही का? मैत्रिणींनो, खरी काळजी घ्यायची ती तिथूनच पुढे, बरं का!

मागे आमच्या कोळगावात एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. त्या घरच्या लेकीच्या तारा नुकत्याच निघालेल्या. दात कसे एका ओळीत, मोत्यांच्या सरासारखे! पण हसू आलं की तिचा हात पटकन तोंडावर जाई. पुढच्या दातांवर खडूनं गिरवल्यासारखे पांढरे डाग उमटले होते. आधी वाकडे दात लपवायला हात, आता डाग लपवायला! “एवढा पैसा घातला, पण रात्री ब्रश केलास का, हे काही रोज विचारलं नाही,” असं म्हणताना तिच्या आईचा गळा दाटून आला.

हे डाग तारांमुळे पडत नाहीत. दातांवर जे छोटे ठोकळे चिकटवतात, ज्यांना डॉक्टर ब्रॅकेट म्हणतात, त्यांच्या कडेला अन्नाचा चिकट थर साचतो. त्यातले जंतू गोडावर पोसतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कवचातला चुना हळूहळू विरघळवतं. हयगय झाली तर अवघ्या महिन्याभरात पांढरा डाग दिसू लागतो. वेळीच लक्ष दिलं तर काही डाग फिके पडतात. पण पुष्कळसे पुरते जात नाहीत, आणि तसेच सोडले तर तिथंच कीड लागते.

मग करायचं काय? ब्रश मऊ घ्यावा. आधी खळखळून चूळ भरावी, म्हणजे अडकलेले कण निघतात. मग तारेच्या वरून ब्रश खाली तिरका धरून घासावं, नंतर तारेच्या खालून वर तिरका धरून. हिरडीची कड आणि दातांची आतली बाजू विसरू नये. तारेखाली शिरणारा, बाटली धुवायच्या ब्रशासारखा पण इवलासा ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. तो प्रत्येक दोन ठोकळ्यांच्या मध्ये फिरवावा. पेस्ट फ्लोराइडचीच हवी. घासून झाल्यावर नुसतं थुंकावं, भरपूर पाण्यानं चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. राखुंडी नको, खरखरीत दंतमंजन नको. आणि मशेरी तर घरात कुणालाच नको. ती तंबाखूच आहे!

सकाळी घाई असते, हे मान्य. पण रात्रीचा ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, आणि लाळच तर दिवसभर दातांची राखण करते. रात्री घासून झालं की दिव्याखाली लेकीला “आ कर बघू” म्हणा. ठोकळ्यांच्या कडा स्वच्छ चमकायला हव्यात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर घासणं थांबवू नका. बहुतेकदा नीट घासलं जात नसल्याचीच ती खूण असते. आठवड्याभरात थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आता खाण्याचं. चिक्की, कडक चकली, बर्फ, दातांनी सोलायचा ऊस, यांनी ठोकळे निखळतात. पेरू आणि सफरचंद फोडी करून द्या, मक्याचे दाणे सोलून द्या. आपल्याकडचा घोलवड-डहाणूचा चिकू मऊ असतो, खुशाल द्या; पण तो गोड, म्हणून वर चूळ हवीच. मासळीचे काटे आधी काढून ठेवा. गोड खायचंच तर जेवणाबरोबर एकदाच. दिवसभर गोळ्या-चॉकलेटं चघळली की दातांना सावरायला उसंतच मिळत नाही.

तार आवळल्यावर दोन-तीन दिवस दात दुखतात. तेव्हा मऊ भात, खिचडी, पेज द्या. तार गालाला टोचली तर डॉक्टरांनी दिलेलं मेण तिथं लावा आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगा. चिमट्यानं तार वाकवायला घरी जाऊ नका! दर चार-सहा आठवड्यांची तपासणीही चुकवू नका. पालघर-बोईसरला खासगीत खर्च झेपत नसेल, तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथं खर्च बराच कमी येतो. खेपा मात्र पडतात, तेव्हा शाळेच्या सुट्ट्या पाहून तारखा घ्या.

आणि हो, तारा निघाल्या म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्यानंतर रिटेनर देतात. तो डॉक्टर सांगतील तितके दिवस नेमानं घालायला हवा, नाहीतर दात पुन्हा मूळ जागी सरकू लागतात.

रात्रीची पाचच मिनिटं, मैत्रिणींनो! शाळेचा अभ्यास घेतो तसं याचंही बघूया. म्हणजे तारा निघतील त्या दिवशी आपली लेक आरशासमोर उभी राहील, आणि हसताना तिला तोंडावर हात धरावा लागणार नाही.