टिंब उडाले, धडा मिळाला

दिवाळीला आठ दिवस उरले होते. कऱ्हाडच्या बाजूच्या एका बाजारगावी, रस्त्याला लागून असलेल्या सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक शेतकरी जुन्या घराची सागवानी तुळई घेऊन आला. जुने घर पाडून नवे बांधले होते. आई त्याच वर्षी गेली होती. तिच्या नावाने घराचे नाव ठेवायचे ठरले होते : 'मंगल निवास'. ती अक्षरे तुळईच्या लाकडावर कोरून हवी होती. चांगला भाग कापून काढला, तेव्हा त्यातून दोनच फळ्या निघाल्या.

शेडमध्ये म्हातारे सुतार, त्यांचा मुलगा आणि सून असे तिघे काम करतात. पटाशीने कोरीव काम करण्यात म्हाताऱ्यांचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. मुलाने कर्ज काढून संगणकावर चालणारे कोरीव यंत्र आणले होते. अक्षरांची मांडणी संगणकावर सूनबाई करते. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असाव्यात आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा मराठी अक्षर लहान नसावे, अशी कायद्यातील सुधारणा राज्यात 2022 साली झाली. त्यामुळे पाट्यांना मागणी येईल, हप्ते फिटतील, असा हिशेब होता.

पहिली फळी यंत्रावर चढली. तासाभराने काम संपले. भुसा झटकला आणि तिघेही गप्प झाले. 'मंगल' मधला अनुस्वार जागेवर नव्हता. उठावाचे टिंब मुळापासून उडाले होते आणि पाटीवर राहिले होते 'मगल'. शिरोरेषेत जागोजागी खाचा पडल्या होत्या. अक्षरांच्या कडा कुसळासारख्या उभ्या राहिल्या होत्या आणि कोपरे जळून काळे पडले होते.

संध्याकाळी शेतकरी आला. पाटीकडे बराच वेळ पाहून एवढेच म्हणाला, "एक फळी शिल्लक हाय न्हवं? ती जपून करा."

रागावला असता तर बरे वाटले असते, असे सूनबाई आम्हाला सांगत होती. त्या रात्री तिघेही जेवण झाल्यावर पुन्हा शेडमध्ये बसले. पुढच्या तीन दिवसांत त्यांनी जे शोधून काढले, ते असे यंत्र घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या घरांच्या उपयोगी पडेल.

यंत्राला काय कळते?

हे यंत्र म्हणजे जादू नव्हे. आकड्यांच्या हुकमावर चालणारे कापाईचे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1952 साली लोकांना दाखवले गेले. त्या वेळी हुकूम कागदी फितीला भोके पाडून दिले जात, आज ते संगणक देतो. तत्त्व तेच आहे. डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली इतक्या मिलिमीटर जा, एवढेच यंत्राला कळते. खाली सागवान आहे की आंबा, गाठ आहे की खिळा, हे त्याला दिसत नाही. ते माणसानेच पाहायचे.

टिंब का उडाले?

हे कोडे म्हाताऱ्यांनी सोडवले. फळीची कापलेली कड सुनेपुढे धरून ते म्हणाले, "पोरी, लाकडाचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने निजलेले असतात. टिंब चार मिलिमीटरचे. म्हणजे त्यातला प्रत्येक तंतू चारच मिलिमीटर लांब. भाकरीवरच्या पापुद्र्यासारखे ते वर बसलेले. जरा धक्का लागला की सुटणारच."

"मग मामंजी, शिरोरेषा कशी टिकली?"

"ती तंतूंच्या दिशेने जाते, म्हणून. काना तंतूंना आडवा. तो बारीक केलास तर तोही तुटेल."

हे नीट लक्षात ठेवावे. उठावाच्या देवनागरी अक्षरात काना, रफार, अनुस्वार आणि चंद्रबिंदू ही नाजूक ठिकाणे आहेत. अक्षर लहान असेल तर उठाव न करता ते आत कोरावे. आत कोरलेले टिंब म्हणजे शंकूसारखा खड्डा. त्यातून उडायला काही राहत नाही. उठावच हवा असेल तर टिंब मोठे घ्यावे आणि त्याच्या बाजू उतरत्या ठेवाव्यात. दुसऱ्या फळीवर अक्षर आत कोरायचे, असे त्याच रात्री ठरले.

शिरोरेषेतल्या खाचा

ही चूक सूनबाईला स्वतःलाच सापडली. छापलेल्या मजकुरात शिरोरेषा सलग दिसते, पण प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येते आणि शेजारच्या तुकड्यावर थोडे चढते. कागदावर ते कळत नाही. यंत्र मात्र प्रत्येक तुकड्याची कड वेगळी समजून तिच्याभोवती फिरते आणि जोडाजोडाला खाच पडते. म्हणून मजकुराचे रेषांत रूपांतर केल्यावर सगळी अक्षरे एकमेकांत वितळवून एक करावीत. पुष्कळशा आरेखनाच्या प्रोग्रॅममध्ये त्याला 'वेल्ड' म्हणतात. मग पडद्यावर फक्त बाह्यरेषा पाहावी. शिरोरेषेच्या पोटात एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये.

काही प्रोग्रॅममध्ये ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरे फुटतात. म्हणून कोरण्याआधी पाटी पूर्ण मापात कागदावर छापून घरातल्या दोघांनी मोठ्याने वाचावी. कागद वाया गेला तर चालतो, लाकूड नाही.

बिट कोणते?

पहिल्या वेळी सरळ दांड्याचे, तळाला सपाट बिट लावले होते. 3 मिलिमीटर व्यासाच्या अशा बिटाने आतला कोपरा कधीही टोकदार येत नाही, तिथे 1.5 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहतेच. 3 मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीत तर ते शिरतच नाही. त्यामुळे 'श्री', 'क्ष', 'ज्ञ' यांच्या पोटातल्या जागा बुजतात.

आत कोरायच्या अक्षरांना व्ही आकाराचे टोकदार बिट घ्यावे. ते रुंद रेषेत खोल उतरते, निमुळत्या टोकाकडे वर येते आणि कोपरा पटाशीने काढल्यासारखा निघतो. 90 अंशाच्या बिटाने रेषेच्या रुंदीच्या निम्मी खोली येते. म्हणजे 12 मिलिमीटर रुंद काना 6 मिलिमीटर खोल होतो. 60 अंशाच्या बिटाने तोच काना सुमारे 10.4 मिलिमीटर खोल जातो. त्यात सावली छान पडते, पण फळी तेवढी जाड हवी.

उठावाच्या कामाला सरळ बिट लावायचे असेल, तर भुसा वर ओढणारे आणि खाली दाबणारे अशा दोन जाती ध्यानात घ्याव्यात. वर ओढणारे बिट तंतू उचलते, म्हणून वरच्या कडेला कुसळे येतात. खाली दाबणाऱ्याने कड स्वच्छ येते, पण भुसा खाचेत दाटतो. तेव्हा एका फेरीत थोडेच खोल जावे आणि भुसा ओढून घ्यावा. बाजूला 0.2 ते 0.3 मिलिमीटर लाकूड राखून शेवटची हलकी फेरी द्यावी.

फळी सपाट हवी

व्ही बिटाच्या कामात याच्याइतके महत्त्वाचे काही नाही. फळी एका टोकाला अर्धा मिलिमीटर उंच असेल, तर 90 अंशाचे बिट तिथे अर्धा मिलिमीटर जास्त खोल जाते आणि रेषा पूर्ण एक मिलिमीटर रुंद होते. पाटीच्या एका टोकाचे अक्षर ठसठशीत आणि दुसऱ्या टोकाचे किडकिडीत, असे दिसू लागते. म्हणून आधी यंत्राचा लाकडी पाट यंत्रानेच एकसारखा तासून घ्यावा. फळी रंध्याने सपाट करावी, चारही कोपऱ्यांवर उंची तपासावी आणि मगच घट्ट आवळावी.

लाकूड सुकलेले हवे. दहा-बारा टक्के ओलाव्याचे लाकूड स्वच्छ कापले जाते. ओले लाकूड पिंजते. जुन्या घराचे लाकूड सुकलेले असते, पण त्यात खिळे असतात. म्हाताऱ्यांनी लोहचुंबक फिरवून दुसऱ्या फळीत मोडलेला एक चुका शोधला. तो राहिला असता तर बिट तिथेच संपले असते.

जळाले कशाने?

बिट मोडेल या भीतीने मुलाने यंत्र फार हळू चालवले होते. इथेच बरेच जण फसतात. फिरकीचा वेग 18,000 फेरे आणि बिटाला दोन धारा असतील, तर प्रत्येक धारेने 0.05 मिलिमीटरचा छिलका काढायचा म्हटल्यास मिनिटाला 1,800 मिलिमीटर चाल लागते. चाल 600 वर आणली की धार लाकूड कापण्याऐवजी घासते. घासले की तापते, तापले की लाकूड जळते आणि धारही बोथट होते. खाली छिलके पडत असतील तर काम बरोबर चालले आहे. पिठासारखा भुसा आणि जळका वास आला, तर चाल वाढवा किंवा फेरे कमी करा. यंत्र हलके असेल तर खोली कमी ठेवा. सागवानात वाळूच्या जातीचा अंश असतो, त्याने धार लवकर जाते. म्हणून कार्बाइडचे बिट वापरावे आणि नाजूक अक्षराला नवी धार राखून ठेवावी.

बिट पकडणारे कॉलेट रोज पुसावे. त्यात भुसा अडकला तर बिट डुलते आणि बारीक रेष जाड होते.

कोरण्याआधी फळीवर सँडिंग सीलरचा हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. तंतू ताठ होतात, कडा तुटत नाहीत आणि अक्षरात भरलेला रंग आजूबाजूला पसरत नाही.

वीज, धूळ आणि पदर

खेड्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज जाताच यंत्र आपली जागा विसरते. म्हणून काम जिथून सुरू केले, तो शून्य बिंदू फळीबाहेर पाटावर खूण करून ठेवावा आणि संगणकाला यूपीएस लावावा. अर्थिंग पक्के असावे.

लाकडाची धूळ साधी समजू नये. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1995 साली ती कर्करोगकारक पदार्थांत धरली आहे. तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि धूळ ओढणारे यंत्र हवेच. भगिनींनी पदर खोचून, केस बांधून, बांगड्या मागे सारून काम करावे. यंत्र फिरत असताना हात आत घालू नये.

दुसरी फळी

दुसरी फळी लावण्याआधी त्यांनी पहिल्या फळीच्या मागच्या बाजूवर 'मं' हे एकच अक्षर चार वेळा कोरले. चौथे मनासारखे उतरले. मग शेवटची फळी चढली. म्हातारे सुतार यंत्राशेजारी पाटावर बसून राहिले, हातात पटाशी घेऊन. काम संपल्यावर त्यांनी 'ल' च्या वळणातले दोन तंतू तेवढे पटाशीने काढले. बाकी कुठे हात लावावा लागला नाही.

शेतकरी पाटी न्यायला आला, तेव्हा त्याने आधी अनुस्वारावरून बोट फिरवले आणि मग पैसे काढले. बिघडलेल्या फळीचे पैसे मुलाने घेतले नाहीत. ती फळी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवली आहे. नवे गिऱ्हाईक विचारते, "हे 'मगल' काय आहे?" सूनबाई हसून सांगते, "ही आमची शाळा."