दोन श्वासांच्या मधे

वसईकडच्या आमच्या राजोडीला कासव दिसतं ते पावसाळ्यात, आणि तेही बहुतेक वेळा आजारीच.

जुलैतल्या उधाणानंतरची सकाळ होती. सुरूच्या बनातून वाळूवर उतरलं की आधी दिसतो तो समुद्राने रात्रभर ओकून टाकलेला पसारा. चपला, बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, नायलॉनच्या जाळ्यांची भेंडोळी. त्यातलं एक भेंडोळं हललं. जवळ गेले तर आत कासव. पुढच्या उजव्या, वल्ह्यासारख्या पायाभोवती दोरा इतका घट्ट आवळलेला, की मांस कापून तो पार हाडापर्यंत गेला होता. तेवढ्यात त्याने मान उचलली आणि ‘फुस्स’ असा आवाज केला. सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा.

हां हां म्हणता माणसं जमली. दोघा पोरांनी मोठ्या मायेने त्याला पाण्यात ढकलायला घेतलं. मासळीचा हारा घेऊन निघालेल्या एका मावशीने त्यांना थांबवलं. “पाण्यात नका लोटू रे. जीव नाय राहिला त्याच्या अंगात. बुडंल.”

कासव बुडेल? आयुष्यभर समुद्राच्या कानाशी राहूनही तोवर हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या मावशीचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

कासवाला माशासारखे कल्ले नसतात. पाठीच्या ढालीला आतून चिकटलेली त्याची फुफ्फुसं हवाच मागतात. निवांत पडलेलं कासव एका श्वासावर काही तास पाण्याखाली राहू शकतं. पण पोहताना, चरताना त्याला दर काही मिनिटांनी वर यावं लागतं, आणि धडपड सुरू झाली की साठवलेली हवा भराभर संपते. ट्रॉलरचं जाळं तासन्‌तास ओढलं जातं. त्यात सापडलेलं कासव जखमेने मरत नाही, तर हवेवाचून मरतं. तुटून समुद्रात सुटलेली जाळी तर वर्षानुवर्षं, कोणी ओढत नसतानाही मासेमारी करत राहतात. वल्ह्याला फास बसलेलं, फुफ्फुसाचा संसर्ग झालेलं किंवा आतड्यात वायू साठलेलं कासव दमतं. मग त्याला बुडी मारता येत नाही, म्हणून खाता येत नाही, आणि ते लाटांवर हेलकावत राहतं. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा त्याला आमच्या पुळणीवर आणून टाकतो. अशा कासवाला परत पाण्यात लोटणं म्हणजे दम लागलेल्या माणसाचं नाक दाबण्यासारखं आहे.

करायचं एवढंच की त्याला सावलीत ठेवायचं, अंगावर ओलं फडकं टाकायचं (नाकपुड्या मात्र मोकळ्या), गर्दी हटवायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. आम्ही तो केला. आमच्या पालघर जिल्ह्याचं नशीब असं, की कासवांवर उपचार करणारं केंद्र जिल्ह्यातच, डहाणूला आहे. वन विभाग आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड अॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्थानिक संस्था मिळून ते चालवतात. पशुवैद्यक डॉ. दिनेश विन्हेरकर यांनी तिथे अनेक जखमी कासवांवर उपचार केले आहेत. निकामी झालेलं वल्हं कधी कापावं लागतं. तीन वल्ह्यांवरही कासव पोहायला शिकतं, हे मला तेव्हाच कळलं.

आमच्याकडे येणारं कासव बहुतेक वेळा ऑलिव्ह रिडले असतं. भारताच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक. रिडले त्यांत आकाराने लहान, साधारण दोन-सव्वादोन फुटांचं. खाणं खेकडे, कोळंबी, जेलीफिश. कोळंबी जिथे, तिथे ट्रॉलर, आणि म्हणून तिथेच कासवाचं मरण.

त्या सकाळनंतर माझ्या मनाने एकच घेतलं होतं. हे जनावर धडधाकट असताना, त्याच्या स्वतःच्या घरात कसं दिसतं ते एकदा पाहायचं. राजोडीत ते शक्य नाही. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला उल्हासची वसई खाडी, त्यात चार-पाच मीटरची भरती-ओहोटी. आमचं पाणी कायम गाळाने घुसळलेलं असतं, हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. या पाण्याला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. याच गाळावर बोंबील, जवळा आणि कोळंबी पोसली जाते, म्हणजे वसईची अर्धी चूलही. पण त्यात डोळे उघडून काही पाहता येत नाही, हेही खरं. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, हिवाळ्यात पाणी निवळतं आणि तिथे स्नॉर्केलिंग चांगलं चालतं. पण कासवं चरताना पाहायची तर लक्षद्वीप, असं भाचीने ठरवूनच टाकलं.

कोचीहून छोटं विमान अगत्तीला उतरतं. बेट सात-साडेसात किलोमीटर लांब आणि इतकं अरुंद, की काही ठिकाणी दोन्हीकडचा समुद्र एकदम दिसतो. इथे नदी नाही, म्हणून गाळ नाही. पश्चिमेला प्रवाळांच्या बांधाने अडवलेलं उथळ, शांत पाणी, ज्याला सगळे लगून म्हणतात. बेटावर जायला परवाना लागतो, आणि तो लागतो हे चांगलंच आहे.

पोहायला मी वाडीतल्या बावखलात शिकले. वसईच्या बागायतीत गोडं पाणी साठवणारी ही जुनी तळी. केळीचं खोड पोटाशी धरून आम्ही भावंडं त्यात हातपाय मारत असू. त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. पण स्नॉर्केल तोंडात धरून पाण्यात मान घातली आणि छाती धडधडायला लागली. नाक काचेच्या मुखवट्यात बंद, श्वास फक्त तोंडाने, तोही एका वाकड्या नळीतून. सगळं शरीर ओरडून सांगत असतं की पाण्यात श्वास घ्यायचा नसतो. मी धापा टाकत उभी राहिले. सोबतचा बेटावरचा तरुण मोडक्या हिंदीत म्हणाला, “आराम से. पहले छोडो, फिर लो.” आधी सोडा, मग घ्या. नळीतली वापरलेली हवा पुरती बाहेर गेली नाही तर तीच पुन्हा आत ओढली जाते आणि दम लागतो. लांब उच्छ्वास, मग सावकाश श्वास. दहा-बारा वेळा तसं केल्यावर छाती निवली.

इतर गोष्टी सोप्या आहेत. काचेला आतून थुंकी चोळून खळबळलं की ती धुरकटत नाही. नळीत पाणी शिरलं तर फुंकर मारून उडवायचं. पायात रबरी पंख असतात, त्यांनी गुडघ्यातून नाही, कमरेपासून पाय हलवायचे. आणि प्रवाळावर उभं राहायचं नाही, ते दगड नव्हे, जिवंत आहे. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण लाटांत लक्षद्वीपचं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडून मेलं. उरलेलं आपल्या टाचेने मोडू नये.

पहिल्या दिवशी दोन कासवं दिसली आणि दोन्ही निसटली. चूक माझी होती. दिसलं की मी त्यांच्या दिशेने पाय मारत सुटत होते. त्या तरुणाने बाहेर आल्यावर समजावलं, आणि ते पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात छापलं पाहिजे असं मला वाटतं. कासवाच्या मागून जायचं नाही, मागून येतो तो शार्क असतो. वरून झडप घातल्यासारखं जायचं नाही. निदान दहा फुटांवर, बाजूला, हात अंगाशी धरून नुसतं तरंगायचं. आणि ते वर यायला निघालं की त्याच्या वाटेतून दूर व्हायचं. चारचौघांनी गराडा घातला की कासव श्वास न घेताच पुन्हा खाली वळतं. उरलेल्या हवेवर त्याला पळावं लागतं. आपण म्हणतो, आम्ही हातसुद्धा लावला नाही. पण त्याचा श्वास आपण चुकवलेला असतो, म्हणजे जाळ्याने जे केलं त्याची ही छोटी आवृत्तीच. कासवाची पाठ धरून काढून घेतलेले फोटो पाहिले की मला राग येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे समुद्री कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत.

अगत्तीतली कासवं हिरव्या जातीची. हिरवा रंग पाठीचा नव्हे, आतल्या चरबीचा. पिल्लू असताना ते मिळेल ते खातं, मोठं झालं की बहुतांशी शाकाहारी होऊन समुद्री गवत चरतं. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. मुळं, पानं आणि फुलं असलेली ती खरीखुरी वनस्पती आहे. एकेकाळी या बेटांवर कासवाच्या तेलाने होड्यांची लाकडं माखत. कायद्याने शिकार थांबली, कासवं वाढली आणि अगत्तीच्या लगूनमध्ये कळपाने चरू लागली.

इथून गोष्ट अवघड होते, आणि माझ्या मते तीच सांगण्यासारखी आहे. कासवांनी गवत इतकं खुडलं की कुरणं उजाड झाली. त्या गवतात वाढणारी मासळी कमी झाली. मच्छीमार म्हणू लागले, कासवं आमचं जाळं फाडतात आणि मासेही संपवतात. रोहन आर्थर, नचिकेत केळकर आणि टेरेसा अल्कोवेरो यांच्यासारख्या संशोधकांनी ही तक्रार उडवून लावली नाही, वर्षानुवर्षं पाण्यात उतरून मोजमाप केलं. मयुरेश गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१ चा शोधनिबंध सांगतो, की एका बेटाचं कुरण संपलं की कासवं पुढच्या बेटाकडे सरकतात आणि तिथेही तेच घडतं. कासवांना खाणारे मोठे शार्क आपणच मारून कमी केले, हा त्यातला एक धागा. एका प्राण्याला वाचवलं आणि बाकीचा समुद्र तसाच ठेवला, तर वाचलेल्या प्राण्याच्या पोटापाण्याचीच अडचण होते. अगत्तीच्या मच्छीमाराचं दुःख मला परकं वाटलं नाही. आमच्या अर्नाळ्याच्या कोळ्याचं जाळं कासवाने फाडलं, तर त्याचाही त्या दिवशीचा डाव बुडतो.

म्हणून महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ पासून सुरू केलेली योजना मला फार मोलाची वाटते. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव जाळं कापून सोडला आणि त्याचं चित्रण दाखवलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. बाकी उपाय लोखंडाचे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ट्रॉलरच्या जाळ्यात बसवायची एक चौकट तयार केली आहे. कोळंबी आत जाते, कासव गजांवर अडून वरच्या झडपेतून सुटतं. अशी चौकट नसलेल्या देशांची कोळंबी अमेरिकेने रोखली, त्यावरून १९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारतासह चार आशियाई देशांचा मोठा वाद झाला. चौकटीने थोडी कोळंबीही निसटते, म्हणून ती बसवायला हात लवकर धजत नाही. आणखी एक गोष्ट प्रत्येक तांडेलाला ठाऊक असावी. जाळ्यातून निघालेलं निपचित कासव मेलेलंच असतं असं नाही. त्याची मागची बाजू थोडी उंच ठेवून, सावलीत, ओलं राखून काही तास थांबलं, तर फुफ्फुसातलं पाणी निथळतं आणि कधीकधी ते डोळे उघडतं.

कोकणात कासवांची काळजी वाळूपासून सुरू झाली. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडाचा शोध घेत मंडणगडच्या वेळासला पोहोचले आणि तिथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. अंडी चोरीला जात, ती कुंपणात सुरक्षित ठेवायला गावाने हात दिला. २००६ पासून वेळासचा कासव महोत्सव भरतो आणि गावातली घरं पाहुण्यांना जेवूखाऊ घालतात. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच वाळूवर एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं गेलं. पश्चिम किनाऱ्यावरची पहिली म्हणून तिचं नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरची ‘बागेश्री’ दक्षिणेला पोहत श्रीलंकेपलीकडे गेली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ओडिशात २०२१ मध्ये लावलेला बिल्ला निघाला. अंदाजे साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना त्या बिल्ल्याने विचारात पाडलं. इकडे आमच्या जवळ, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, लोकांनी हातांनी कचरा उपसल्यानंतर २०१८ च्या मार्चमध्ये रिडलेची पिल्लं समुद्राकडे धावली, ती तर मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिली.

अगत्तीतला माझा तिसरा दिवस. ओहोटी लागली होती, पाणी छातीभर. काही वेळ नुसतीच उघडी वाळू, मग गवताचा एक विरळ पट्टा, आणि त्यावर ते. पाठ माझ्या पसरलेल्या हातांएवढी, तपकिरी, तिच्यावर उन्हाच्या रेषा हलत होत्या. ते गवताचं पातं तोडायचं, चावायचं, अर्धा हात पुढे सरकायचं. पुढची वल्ही इतकी सावकाश हलत होती की वाटलं, त्याला वजनच नाही. राजोडीच्या वाळूवर त्याच अवयवांची फरपट मी पाहिली होती. मी हात पोटाशी घेतले. आधी सोडा, मग घ्या. नळीतून माझाच श्वास मला ऐकू येत होता, आणि त्याला मी नकोशी झालेले नव्हते.

किती वेळ गेला ते मोजलं नाही. मग त्याने मान वर केली, वल्ही एकदा खाली दाबली आणि ते माझ्या डावीकडून, तिरकं, वर निघालं. मी आणखी थोडी बाजूला झाले आणि डोकं पाण्याबाहेर काढलं. तीन-चार हातांवर त्याचं डोकं बाहेर आलं, ओलं, चकचकीत.

फुस्स.

जुलैतल्या त्या सकाळचाच आवाज. फक्त यात कण्हणं नव्हतं. हवा आत गेली, डोकं मिटल्यासारखं पाण्यात उतरलं आणि ते पुन्हा गवताकडे निघालं.