ही मोकळी जागा कोणासाठी?



गेल्या नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाघोलीजवळ मजुरांच्या वस्तीत गेले होते. धडगावकडचे एक पावरा कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहत होते. रात्रभर पाणी आत आले होते आणि लहान मूल तापाने फणफणले होते. समोरच कुंपण घातलेली मोठी पडीक जागा होती आणि त्यावर सरकारी जागेचा फलक होता. बाळाची आई म्हणाली, "ताई, सरकारी म्हणजे सगळ्यांची ना? मग ही कोणासाठी ठेवली?"

मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि समजले, ते सोप्या शब्दांत मांडते.

सरकारी जागा म्हणजे नेमकी कोणाची?

पुण्यातील सार्वजनिक जमीन एकाच खात्याची नाही. काही महसूल विभागाची, काही महापालिकेची, काही म्हाडाची. रेल्वे आणि संरक्षण खात्याच्या जमिनी केंद्राच्या. शिवाय शहराच्या विकास आराखड्यात अनेक भूखंडांवर आरक्षण असते: कुठे शाळा, कुठे उद्यान, कुठे आर्थिक दुर्बल घटकांसाठी घरे. त्यामुळे दिसली मोकळी जागा की बांधा घरे, असे होत नाही. मैदानावर किंवा नदीच्या पूररेषेत घरे होऊही नयेत. पण घरांसाठीच राखलेली जागा वर्षानुवर्षे पडून राहिली, तर तिच्याबद्दल विचारणे हा आपला हक्क आहे.

पुण्याने हे पूर्वी केले आहे

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहतींत पूरग्रस्तांचे पुनर्वसन झाले. तेव्हा हा भाग शहराच्या कडेला होता; आज तो भर वस्तीत आहे. आधी जागा मिळाली, म्हणून त्या कुटुंबांची पुढची पिढी उभी राहिली.

अलीकडचे उदाहरण प्रधानमंत्री आवास योजनेचे. महापालिकेने हडपसर, खराडी आणि वडगाव येथे इमारती बांधल्या. 1 ऑगस्ट 2023 रोजी पुण्यातील कार्यक्रमात महापालिकेची 2,650 हून अधिक घरे लाभार्थ्यांना देण्यात आली. यातले गणित असे: पुण्यात घराच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो. जमीन सार्वजनिक असली की तो भार हलका होतो. त्यावर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये अनुदान. उरलेली रक्कम कुटुंबाने भरायची, बहुतेक वेळा बँकेचे कर्ज काढून.

आपली माणसे कुठे अडतात?

हे वाचून मी घाईने त्या कुटुंबाला अर्ज भरायला सांगितले. उत्पन्नाचा दाखला आणि आधारची प्रत यांसाठी नवरा-बायकोची दोन दिवसांची मजुरी बुडाली. मग अट नीट वाचली: कुटुंबाच्या नावावर भारतात कुठेही पक्के घर नसावे. त्यांच्या नावावर गावी घरकुल आहे. ते मिळवून द्यायला आपल्याच कार्यकर्त्याने मदत केली होती. ती मदत योग्यच होती, आणि अटही अन्यायाची नाही. चूक माझी होती. मी त्यांना गरज काय आहे, हे आधी विचारलेच नव्हते.

विचारल्यावर तिने सांगितले, "घर गावालाच पाहिजे. इथे फक्त कोरडी खोली पाहिजे." होळीला आणि पेरणीला गाव, बाकी वर्षभर कामामागे भटकंती. अशा कुटुंबाला मालकीचा फ्लॅट आणि वीस वर्षांचे हप्ते उपयोगाचे नाहीत. त्यांना परवडणाऱ्या भाड्याची खोली हवी.

सरकारलाही हे 2020 मध्ये, टाळेबंदीत मजूर पायी गावी निघाले तेव्हा, ठळकपणे दिसले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची योजना मंजूर केली. रिकामी पडलेली सरकारी घरे स्थलांतरितांना भाड्याने द्यायची, किंवा मोकळ्या जागेवर नवी बांधायची, असे तिचे दोन मार्ग होते. 2024 मध्ये सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. म्हणजे वाट कागदावर आहे. अशा खोल्यांसाठी पुण्यात, कामाच्या जवळ, सार्वजनिक जमीन राखली जावी, एवढीच आपली मागणी.

आपण काय करू शकतो?

पहिले, विकास आराखडा किंवा आरक्षणातील बदल जाहीर झाला की नागरिकांकडून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवतात. घरांचे आरक्षण उठत असेल, तर मंडळीतील प्रत्येकाने एक पत्र द्यावे. दुसरे, आपल्यातील वकील, अभियंते आणि निवृत्त महसूल कर्मचाऱ्यांनी महिन्यातला एक शनिवार कागदपत्रांच्या मदतीसाठी द्यावा. तिसरे, कोणालाही अर्ज भरायला लावण्यापूर्वी त्याची अट पूर्ण वाचावी. हे मी स्वतःलाही सांगते.

बाळ बरे झाले. होळीला ते कुटुंब धडगावला गेले. परत येतील तेव्हा काम दुसरीकडे असेल, आणि खोली पुन्हा पत्र्याचीच. कुंपणातली ती जागा अजून तशीच आहे. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळून शोधायचे आहे. प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवा.