लेहला गाडीवर निघण्यापूर्वी

एप्रिल-मे आला की दवाखान्यात एका वेगळ्या प्रकारचे पेशंट येऊ लागतात. वय पंचवीस ते पंचेचाळीस, अंगापिंडाने धडधाकट, आजार काहीच नाही. "डॉक्टर, आम्ही चौघे लेहला चाललोय, गाडीवर. जवळ कुठल्या गोळ्या ठेवायच्या?" गोळ्या मी लिहून देतोच, पण त्याआधी दोन प्रश्न विचारतो. गाडी कोणती, आणि रोजचा मुक्काम कुठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दहा मिनिटे चालते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेकांकडे नसते.

आधी गाडीबद्दल. पूर्वी लेहला जायचे म्हणजे बुलेट, असे समीकरण होते. आता हिमालयन, एक्सपल्स अशा खडबडीत रस्त्यांसाठीच बनवलेल्या गाड्या मिळतात. पुढचे चाक 21 इंची, पोट जमिनीपासून उंच, सस्पेन्शन लांब. दगडगोट्यांच्या रस्त्यावर या गाड्या चांगल्या, यात शंका नाही. पण उंच गाडीची सीटही उंच असते. सीट सव्वाआठशे मिलिमीटरच्या पुढे गेली की सव्वापाच फुटी माणसाचे टाचेसकट पाऊल जमिनीला लागत नाही. सपाट डांबरीवर हे जाणवत नाही. उतारावर, वाळूत किंवा ओढ्यात थांबायची वेळ आली की जाणवते. गाडी कलते, तिला सावरायला पाय पुढे जातो आणि घोटा खाली सापडतो. म्हणून दुकानात गाडी बघताना बूट घालून बसावे आणि दोन्ही पायांचे चवडे तरी भक्कम टेकतात का, ते पाहावे.

दुसरी गोष्ट वजनाची. 450 सीसीची नवी हिमालयन 196 किलोची आहे, एक्सपल्स 200 सुमारे 158 किलोची. हा जवळजवळ चाळीस किलोंचा फरक शोरूममध्ये कोणी विचारत नाही. पंधरा हजार फुटांवर आडवी झालेली गाडी उचलताना तो छातीत कळतो. ज्याची उंची बेताची आहे किंवा कमरेची जुनी तक्रार आहे, त्याने हलकी गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वेग कमी मिळेल, मिळू द्या. पडलेली गाडी उचलताना तिच्याकडे पाठ करून उकिडवे बसावे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरावी, आणि मांड्यांच्या जोरावर मागे रेटत उभे राहावे. वाकून कमरेने ओढणाऱ्याची चकती सरकायला एक हिसका पुरतो.

खराब रस्त्यावर पायांवर उभे राहून चालवावे, हे तरुणांना माहीत असते. पण ते गुडघे ताठ ठेवून उभे राहतात. गुडघे किंचित वाकलेले, मांड्यांनी टाकी धरलेली आणि हाताची मूठ सैल हवी. मग दणका गुडघे खातात, मणका नाही. वाड्यावस्त्यांवर व्हिजिटला जाताना जुन्या राजदूतने मला हे शिकवले. मूठ आवळून दिवसभर चालवले की रात्री बोटांना मुंग्या येतात. मनगटातली नस दाबली गेल्याची ती खूण असते.

आता मुक्कामाचा प्रश्न. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, सुमारे 5,400 फूट. लेह शहरच 11,500 फुटांवर आहे आणि खारदुंग ला सतरा हजारांच्या वर. हवेतला प्राणवायूचा हिस्सा तिथेही तेवढाच, एकवीस टक्के. पण हवेचा दाब जवळजवळ निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला रात्री लागतात. दहा हजार फुटांच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात दीड हजार फुटांहून जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, हा वैद्यकशास्त्राचा नियम आहे.

मनालीहून जाणारे इथेच फसतात. मनाली 6,700 फूट. 2020 साली अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा घाट टळला आणि माणूस दुपारपर्यंत बराच पुढे पोचतो. मग संध्याकाळी सरचूच्या तंबूत, चौदा हजार फुटांवर मुक्काम! म्हणजे एका दिवसात सात हजार फुटांची चढाई. त्यामानाने श्रीनगर-कारगिल-लेह हा रस्ता शरीराला सोसतो. जाताना त्या वाटेने जावे, लेहला दोन दिवस गाडीला हात न लावता काढावे आणि येताना मनालीमार्गे उतरावे.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा, रोज व्यायामशाळेत जाणारा, असाच सरचूला थांबला. रात्री डोके दुखू लागले, उलटी झाली. मित्रांना वाटले, पित्त. पहाटे तो तंबूबाहेर आला तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात. तरीही, "मी चालवतो, चला" असा हट्ट! चौघांतल्या एकाने मात्र ऐकले नाही. दोन लाखांची नवी गाडी तिथेच सोडली, खाली जाणारी जीप थांबवली आणि त्याला केलाँगला उतरवले. संध्याकाळपर्यंत मुलगा नीट बोलू लागला. मेंदूला सूज येऊ लागली होती. आणखी एक रात्र वर काढली असती, तर त्याच्या आईच्या पदरात काय पडले असते, ते लिहायला नको.

व्यायामाने कमावलेले शरीर या आजारापासून वाचवत नाही. उलट असा तरुण दुखणे लपवतो, कारण त्याच्यामुळे मित्रांची सहल बिघडणार असते. म्हणून रोज सकाळी निघण्यापूर्वी एकमेकांना सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला लावा. तोल गेला तर तो गाडी चालवणार नाही आणि वरही जाणार नाही. त्याला लगेच खाली न्यायचे. बसल्या जागी धाप, थांबत नाही असा खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी ही फुप्फुसात पाणी भरल्याची लक्षणे. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री दिसतात. तिथेही उपाय तोच, खाली उतरणे. ऑक्सिजन मिळाला तर लावावाच, पण बाजारातल्या हातात मावणाऱ्या डब्यांवर विसंबू नये. तो वायू काही मिनिटांत संपतो. कापराची पुरचुंडी हुंगल्याने नाक मोकळे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी आहे, पण डॉक्टरला विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. तिनेही बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वारंवार होते, तेव्हा घाबरू नये. पहिले दोन-तीन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी महिनाभर आधी तपासून घ्यावे. आदल्या संध्याकाळी बॅगा बांधून दाखवायला येऊ नये. इन्सुलिन डिकीत ठेवले तर गोठून वाया जाते. ते जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवावे. दम्याचा पंपही तिथेच.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचे, बूट घोट्याच्या वरपर्यंतचे. बर्फ वितळून येणारे नाले दुपारनंतर फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत. आणि परत आल्यावर आठ-पंधरा दिवसांतही बोटांच्या मुंग्या गेल्या नाहीत किंवा कमरेची कळ पायात उतरू लागली, तर मसाज करत न बसता डॉक्टरला दाखवावे.