ताऱ्यांची कुटुंबे – लेखांक ६ : ग्रहणाची चुकलेली वेळ

दोन तारे एकमेकांभोवती फिरताना आळीपाळीने एकमेकांना झाकतात आणि आपल्याला त्यांचा एकत्रित प्रकाश मंदावलेला दिसतो, हे मागच्या लेखांकात पाहिले. दोघेच असतील तर ही ग्रहणे नेमाने होतात. नेम चुकू लागला, की तिसऱ्याचा शोध घ्यावा.

वृषभेतला लॅम्डा टॉरी हा माझा विशेष आवडता, कारण तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हिवाळ्यात रोहिणीच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे तो सापडतो. दर ३ दिवस २३ तासांनी त्याची प्रत ३.४ वरून ३.९ पर्यंत उतरते. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिले तर फरक सहज कळतो. या जोडीभोवती तिसरा तारा अवघ्या ३३ दिवसांत फेरी घालतो, हे १९५६ साली निश्चित झाले. इतके दाटीवाटीचे त्रिकूट पुढे कित्येक दशके दुसरे सापडले नाही.

तिसरा तारा वेळ बिघडवतो कसा? एक कारण सोपे आहे. त्याच्या ओढीने जोडी कधी आपल्या जवळ येते, कधी लांब जाते. लांब असताना ग्रहणाची वार्ता घेऊन निघालेल्या प्रकाशाला जास्त अंतर कापावे लागते. याच तर्कावर ओले रोमर यांनी १६७६ साली गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवले होते. पण घट्ट त्रिकुटात दुसरे कारण वरचढ ठरते : तिसऱ्याचे गुरुत्वाकर्षण जोडीची कक्षाच ताणते, तिचा फेरीचा काळ खरोखर कमी-जास्त करते. म्हणून वेळेच्या चुकीत ताऱ्यांच्या वस्तुमानाचा हिशेब दडलेला असतो. त्याला वर्णपटावरून मोजलेल्या वेगांची जोड मिळाली, की न दिसणारी कक्षा कागदावर उतरते. दुर्बिणीत हे तारे वेगवेगळे दिसतच नाहीत, एकच ठिपका दिसतो. तरीही त्यांचे वजन करता येते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

लॅम्डा टॉरीचा विक्रम २०२४ साली मोडला. हंस तारकासमूहात, सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर असलेल्या टीआयसी २९००६१४८४ मध्ये आतली जोडी १.८ दिवसांत फिरते आणि तिसरा तारा तिच्याभोवती साडेचोवीस दिवसांत. तिघांपैकी प्रत्येकाचे वस्तुमान सूर्याच्या सहा ते आठ पट, तरी सगळा पसारा बुधाच्या कक्षेत मावेल. टेस या अंतराळ दुर्बिणीच्या नोंदींतून संगणकाने संशयित निवडले. त्यांचे आलेख डोळ्यांनी चाळून हा तारा वेगळा काढणाऱ्यांत हौशी निरीक्षकही होते. तिघांच्या कक्षा जवळजवळ एकाच प्रतलात आहेत आणि आपण ते प्रतल कडेने पाहतो. त्यामुळे तिसरा ताराही ग्रहणांत भाग घेतो आणि आलेखात नेमाच्या खळग्यांमध्ये वेड्यावाकड्या घसरणी उमटतात.

इतकी दाटी टिकते कशी? बाहेरच्या फेरीचा काळ आतल्या फेरीच्या साधारण पाचपटीखाली गेला, तर कक्षा गोलाकार असूनही त्रिकूट विस्कटते. इथे तो तेरापटीहून अधिक आहे. धोका वेगळाच आहे : वय वाढताना तारे फुगतील, एकमेकांत विलीन होतील आणि २ ते ४ कोटी वर्षांत अतिनवताऱ्याच्या रूपात फुटतील, असे संशोधकांचे गणित सांगते.

पुढच्या आठवड्यात पुनर्वसूतल्या कॅस्टरकडे जाऊ. तिथे तीन जोड्या, म्हणजे सहा तारे आहेत.