आइस हॉकीतली जोरदार धडक : नियमात की नियमाबाहेर?



"सर, त्याने मला पाडलं!" मैदानावर असं ऐकलं की आपण आधी कोणाला लागलंय ते बघतो आणि लगेच चूक कोणाची ते ठरवून टाकतो. पण लागलं म्हणजे फाउल झालाच, असं असतं का? मुलांशी यावर बोलायला आइस हॉकीचं उदाहरण फार चांगलं आहे.

या खेळात बर्फावर स्केट्स घालून रबरी चकतीने, म्हणजे पकने खेळतात. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत पक असलेल्या खेळाडूला खांद्याने किंवा अंगाने धडक द्यायला परवानगी असते. याला 'बॉडी चेक' म्हणतात. मग धडक योग्य की अयोग्य, हे कसं ठरवायचं? हे चार प्रश्न विचारायचे :

१. पक त्याच्याकडे होता का, किंवा त्याने तो नुकताच सोडला होता का? नसेल तर फाउल.
२. धडक अंगावर बसली की डोक्यावर?
३. मारणारा लांबून वेग घेऊन किंवा उडी मारून आला का? कोपर वापरलं का?
४. बेसावध खेळाडूला मागून किंवा कडेच्या फळीवर आदळलं का?

बघा, "किती लागलं?" हा प्रश्न या यादीत नाही. त्याचा विचार मुख्यतः शिक्षा किती द्यायची हे ठरवताना होतो.

आता एक खरा प्रसंग पाहू. ७ मार्च २०१० रोजी पिट्सबर्गमध्ये एनएचएलचा सामना होता. बोस्टनच्या मार्क सवार्डने पक मारला आणि लगेच पिट्सबर्गच्या मॅट कुकचा खांदा, न दिसणाऱ्या बाजूने, त्याच्या डोक्यावर आदळला. सवार्डला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. तरीही पंचांनी फाउल दिला नाही आणि लीगने कुकवर बंदीही घातली नाही. कारण खांद्याने डोक्याला बसलेल्या अशा धडकेविरुद्ध तेव्हा नियमच नव्हता!

खूप वाद झाला आणि २०१०-११ च्या हंगामापासून नियम ४८ आला. बाजूने, बेसावध खेळाडूच्या डोक्याला लक्ष्य करून दिलेली धडक बेकायदा ठरली. पुढे हा नियम आणखी व्यापक झाला. सवार्ड मैदानात परतला, पण २०११ च्या जानेवारीत डोक्याला पुन्हा मार बसला आणि त्याचा खेळ कायमचा थांबला. लहान मुलांचाही विचार झाला. कॅनडात २०१३ मध्ये ११-१२ वर्षांच्या गटातून बॉडी चेक काढून टाकण्यात आला.

वर्गात हा प्रसंग सांगा आणि दोन गट करा. एका गटाने "तेव्हाच्या नियमात बसत होतं का?" यावर बोलायचं, दुसऱ्याने "नियम बरोबर होता का?" यावर. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं. पंचाला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. दुसरा प्रश्न विचारणारी माणसं असतात, म्हणून नियम सुधारतात.