स्लॅबखालचा वॉर्ड

अहमदाबाद महापालिकेच्या शारदाबेन इस्पितळात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यांत वरच्या मजल्यावर होता. वर नुसता स्लॅब, वातानुकूलन नाही. २०१०च्या एप्रिल ते जून या काळात उष्म्याचा त्रास झालेली २४ नवजात बाळं अतिदक्षता विभागात दाखल करावी लागली. आदल्या वर्षी याच महिन्यांत अशी ८ बाळं होती आणि पुढच्या वर्षी ४. डॉक्टरांनी या नोंदींचा तापमानाशी ताळा घातला. पारा ४२ अंशांपलीकडे गेला की वाढत्या प्रत्येक अंशामागे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढत होतं. त्या उन्हाळ्यानंतर वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला होता. त्याचा परिणाम वेगळा काढून पाहिला, तेव्हा हेच प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

ना नवं यंत्र, ना नवं औषध. खाटा खाली आल्या, एवढंच! एका इस्पितळातल्या मोजक्या बाळांचे हे आकडे आहेत, हे खरं. पण कारण उघड आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. बाहेर झुळूक सुटली तरी आतली भिंत हाताला गरमच लागते.

नवजात बाळाला तर हे मुळीच सोसत नाही. त्याला धड घाम येत नाही, पांघरूण दूर सारता येत नाही, रडण्यापलीकडे तक्रार करता येत नाही. आणि आपल्याकडे तर भर वैशाखात बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून डोक्यावर टोपडं चढवायचं, बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची आणि खिडकी लावून घ्यायची. थंडीवाऱ्यात या रीतीला अर्थ आहे. विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, ती सरळ धोक्याची आहे. आजीबाईंना हे पटवणं हवामान खात्याचा इशारा छापण्याहून अवघड! बाळाला सुती, सैल झबलं पुरे. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईचं दूध वारंवार द्यावं. जास्तीचं पाणी आईने प्यावं.

हा वॉर्ड ज्या शहरात, त्याच शहराने पुढे देशाला धडा घालून दिला. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३मध्ये महापालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेला सोबत घेऊन उष्णता कृती आराखडा केला; दक्षिण आशियातल्या शहरांतला हा पहिलाच. आगाऊ इशारे, डॉक्टरांचं प्रशिक्षण, पाणपोया असं त्याचं स्वरूप. त्यामुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले, असा अंदाज नंतरच्या एका अभ्यासाने मांडला. महिला हाउसिंग ट्रस्टने तिथल्या वस्त्यांमध्ये छपरांना पांढरा परावर्तक रंग देण्याचं काम केलं. पत्र्याखाली दिवसभर शिवणकाम करणाऱ्या बाईला, ती घरातच असते म्हणून, सुरक्षित समजणं किती चूक आहे, हे या कामामुळे पुढे आलं.

इशारे द्यायचे, तर लाट कशाला म्हणायचं, हे आधी ठरावं लागतं. हवामान खात्याच्या लेखी मैदानी भागात ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश कमाल तापमान गाठल्यावरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. शिवाय ते सहसा सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं.

किनाऱ्याचा उंबरठा खाली का, याचं उत्तर नागपूरच्या कूलरमध्ये सापडतं. विदर्भाची हवा कोरडी असते, म्हणून ओल्या ताट्यांमधून येणारा वारा गार लागतो. तोच कूलर मुंबईत आणला, तर खोली दमट होते आणि माणूस आणखी चिकचिकतो, कारण दमट हवेत ताट्यांतलं पाणीही उडत नाही आणि अंगावरचा घामही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पारा तेव्हा ३८च्या आसपास होता. चंद्रपूरकर ज्याला बरा दिवस म्हणतील, असा! उघड्या मैदानावर भर दुपारचे सोहळे घेणं आता थांबवायलाच हवं.

उष्माघात झालेल्या माणसाचं बोलणं असंबद्ध होतं, अंग भाजतं. क्रोसिन देऊन उपयोग नाही. हा जंतूंचा ताप नव्हे. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर गार पाणी ओतत वारा घालायचा आणि त्याच वेळी १०८ला फोन करायचा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नये. खिशातला कांदा खुशाल राहू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया इस्पितळाने २०२४मध्ये उष्माघाताच्या रुग्णांसाठी खास कक्ष उघडला; तिथे रुग्णाला बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात ठेवतात.

जुनाट आजार असलेल्या रुग्णांकडे मात्र दुर्लक्षच होतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी लवकर आटतं. मानसिक आजारांवरची काही औषधं घाम रोखतात. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण फाल्गुन सरताना मात्रा एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. इन्सुलिनही उन्हाने खराब होतं. घरात फ्रिज नसेल, तर ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बंद डबीत, कुपी ठेवता येते.